दारातली पट्टी

लिफ्टवाल्याची बायको घर सोडून गेली तेव्हा त्यानेच तिला सामान चढवायला मदत केली. इथेच चुकलं, असं शेजारचे रेफ्रीकाका म्हणतात. अशा वेळी नवऱ्याने दारात आडवं पडावं, ते जमत नसेल तर निदान तोंड पाडून बसावं. पण मदतीची संधी समोर दिसली की लिफ्टवाल्याचे हात शिवशिवायचे. त्याने तिच्या बॅगा गाडीत चढवल्या, शिवणयंत्र दोरीने आवळून दिलं, आणि त्याच ओघात आईच्या गुडघ्याला लावायचं मलमही भरून दिलं. त्यानंतर आई बरेच दिवस लंगडत होती आणि दर पावलाला सुनेची आठवण काढत होती.

“चुकीचं माणूस घराबाहेर गेलं,” असं ती म्हणायची. कुणाला उद्देशून ते विचारायची गरज नव्हती, कारण घरात दोघंच उरली होती.

मागे राहिल्या त्या मधमाश्या. माश्यांना अंगण लागतं, आणि बायकोला मिळालेल्या भाड्याच्या खोलीला अंगण सोडा, धड खिडकीही नव्हती. जी होती ती समोरच्या इमारतीच्या जिन्यात उघडायची. त्यामुळे घरामागे भिंतीलगत ठेवलेल्या दोन लाकडी पेट्यांपैकी तिची पेटी, तात्पुरती, जिथे होती तिथेच राहिली. लग्नानंतर दोघांनी मिळून हा छंद घेतला होता. छंद एकत्र असला तरी पेट्या वेगळ्या हव्यात, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

लिफ्टवाल्याच्या पेटीत माश्या उतू जात होत्या. यात त्याचं कर्तृत्व काही नव्हतं. स्वतःच्या पेटीकडे तो ढुंकूनही बघत नसे, आणि माश्यांना बहुधा तेच मानवलं असावं. तिच्या पेटीची मात्र रया गेली होती, कारण तिच्या पेटीवर त्याचं प्रेम होतं. तिच्या वाढदिवसाला त्याने ती गुपचूप रंगवली. पेटी बाहेरून रंगवतात. त्याने ती आतूनही रंगवली, म्हणजे माश्यांनाही वाढदिवस कळावा. त्या वासाने अर्ध्याहून जास्त माश्या जमिनीवर पडून मेल्या आणि उरलेल्या पेटीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या. बायको दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. घरी येऊन तिने झाकण उघडलं, आत नाक घातलं, झाकण लावलं आणि हात धुऊन स्वयंपाकघरात येऊन बसली.

“मी तुझ्या मदतीला कंटाळले रे,” ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

हे पहिलंच प्रकरण नव्हतं. आईला पहाटे उठून कुठेही चालू लागायची सवय होती, आणि मागचं दार करकरलं की बायकोला जाग यायची. लिफ्टवाल्याने एक दिवस त्या दाराला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी आई बसस्टॉपवर सापडली, अंगावर मुलाचा रेनकोट, आणि पहिल्या बसच्या ड्रायव्हरशी ती माहेरच्या गोष्टी बोलत होती. लिफ्टवाल्याने मग दार पुन्हा करकरावं म्हणून त्याला मीठ लावून पाहिलं. हा सगळा इतिहास आहे. मुद्दा एवढाच, की तो माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला सोडून जायला सोपं असतं, निदान नातेवाइकांना सांगता येतं.

जाताना बायकोने आपल्या पेटीच्या दारात लाकडाची एक पट्टी बसवली. पेटीला खालच्या बाजूला लांबट फट असते, तेच माश्यांचं दार. पट्टीने ते बहुतेक सगळं बंद झालं आणि एका टोकाला जेमतेम दोन माश्या शेजारून जातील एवढं भोक उरलं.

“फुलं येईपर्यंत ही पट्टी काढायची नाही,” ती म्हणाली. “झाकण उघडायचं नाही. साखरेचा पाक घालायचा नाही. आत त्यांच्यापुरतं आहे.”

“मग मी काय करायचं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“जमेल?”

“जमेल की,” लिफ्टवाला म्हणाला. आयुष्यात त्याने इतकं मोठं आश्वासन कुणाला दिलं नव्हतं, लग्नातसुद्धा.

ती गाडीत बसली, काच खाली केली आणि म्हणाली, “फुलोऱ्यापर्यंत पेटी टिकली तर मी येईन. दोन्ही पेट्यांचा मध एकत्र काढू. मग बघू.”

आता, ‘बघू’ म्हणजे काय ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. लहान मुलाला खेळणं हवं असलं की म्हणतात बघू. नोकरी मागायला आलेल्याला म्हणतात बघू. पण लिफ्टवाल्याने त्या ‘मग बघू’वर मनातल्या मनात चार मजली इमारत उभी केली, लिफ्टसकट. पेटी टिकली की ती येणार. आली की चहा होणार. चहा झाला की आई गुडघा दाखवणार. गुडघा बघून बायको विरघळणार, रात्री राहणार, आणि सकाळी उठून म्हणेल की खिडकी जिन्यात उघडते रे तिकडची, कंटाळा आलाय. सगळं त्या पेटीवर येऊन थांबलं होतं.

फुलांचे दिवस लांब होते. झाडं नुसती उभी होती. लिफ्टवाला कामावरून आला की पेटीसमोर उकिडवा बसायचा आणि काही न करण्याचा सराव करायचा. भोकातून एखादी माशी बाहेर यायची, पायरीवर उभी राहून हवेचा अंदाज घ्यायची आणि परत आत जायची. शेजारी त्याच्या पेटीत बाजार भरलेला असायचा आणि इथे दुपारच्या बँकेसारखं वातावरण.

“मेल्या का रे?” भिंतीपलीकडून रेफ्रीकाका विचारायचे. काका फुटबॉलच्या सामन्यांत पंच होते. निवृत्त झाल्याला बराच काळ लोटला होता, पण शिट्टी अजून गळ्यात होती. एखादी माशी भिंत ओलांडून त्यांच्या बाजूला आली की ते शिट्टी वाजवायचे. माशी थांबायची नाही. काकांना याची सवय होती, खेळाडूही थांबत नसत.

“जिवंत आहेत काका. आराम करतायत.”

“हरणारा संघ असाच आराम करतो. आधी पाय आराम करतात, मग डोकं.”

एका सुट्टीच्या सकाळी लिफ्टवाल्याने पेटी मागून जराशी उचलून पाहिली. झाकण उघडायचं नाही असं ठरलं होतं, उचलायची नाही असं कुठे ठरलं होतं? पेटी हलकी लागली. प्रवासाहून परतून रिकामी केलेली सुटकेस उचलावी तशी. त्याने ती घाईने खाली टेकवली. याआधी ती किती जड होती हे त्याला माहीत नव्हतं, कारण त्याने ती कधी उचललीच नव्हती, पण धास्तीला एवढा हिशोब कळत नाही.

“उपाशी आहेत,” तो आईला म्हणाला.

“ती म्हणाली होती ना, आत त्यांच्यापुरतं आहे?”

“तिला काय माहीत, ती तिकडे आहे!”

“तिला सगळं माहीत असतं,” आई म्हणाली. “माझं मलम कुठे आहे हेसुद्धा तिलाच माहीत आहे.”

पण लिफ्टवाल्याला तोवर पळवाट सापडली होती. बायको म्हणाली होती, पाक घालायचा नाही. मधाबद्दल ती काही बोलली नव्हती. मध माश्यांचाच. आणि त्याच्या पेटीत तो वरपर्यंत भरलेला होता. त्याचा मध तिच्या माश्यांना. याहून सुंदर कल्पना त्याला उभ्या जन्मात सुचली नव्हती, आणि सुचलेल्या सगळ्या कल्पनांप्रमाणे तिच्यातही काही खोट दिसेना.

त्याने जाळीची टोपी चढवली, धुराच्या डब्यात सुकी पानं पेटवली, आपल्या पेटीला धूर दिला आणि वरच्या मजल्यातल्या चौकटी एकेक करून बाहेर काढल्या. लाकडी चौकट, तिच्यात पोळं, पोळ्याच्या घराघरावर मेणाचं पांढरं झाकण. ब्रशने माश्या झाडून त्या त्याने स्वयंपाकघरात आणल्या आणि दारंखिडक्या लावून घेतल्या. सुरी गरम पाण्यात बुडवून मेणाची झाकणं कापली. मग चौकटी पिंपात उभ्या केल्या. पिंपाला वर दांडा असतो. तो फिरवला की आतल्या चौकटी गरगर फिरतात आणि मध उडून पिंपाच्या भिंतीवर आदळतो, तिथून ओघळत खाली येतो. दांडा फिरवायला आई बसली. गुडघा दुखत होता, हात शाबूत होता.

“सून असताना तू फिरवायचास आणि ती कापायची,” आई म्हणाली. “तेव्हा मध जास्त निघायचा.”

“मध तेवढाच असतो आई.”

“मला काय शिकवतोस? मी खाल्लाय.”

बरण्या भरल्या. फरशी चिकट झाली, दाराची कडी चिकट झाली, आईचा चष्मा केसांना चिकटला. रिकाम्या झालेल्या चौकटी अजून मधाने ओल्या होत्या, हात लावला तर तार सुटत होती. लिफ्टवाल्याने त्या उचलल्या आणि संध्याकाळच्या उन्हात नेऊन बायकोच्या पेटीच्या दाराशी टेकवून ठेवल्या, अगदी उंबऱ्याला लागून, म्हणजे बिचाऱ्यांना लांब जायला नको. वर एका बशीत थोडा मध ओतून ठेवला. जेवायला या, असं म्हणायचं तेवढं राहिलं.

तिच्या पेटीतून एक माशी बाहेर आली. चौकटीवर बसली, सोंड घातली, लगबगीने आत गेली. मग आणखी काही आल्या. लिफ्टवाल्याचे डोळे भरून आले. जाळीच्या टोपीत डोळे पुसता येत नाहीत, म्हणून ते तसेच वाहू दिले.

सकाळी उठून बघतो तर काय! बायकोच्या पेटीसमोर जत्रा. हवेत माश्यांचा ढग, पायरीवर चेंगराचेंगरी, पट्टीशेजारच्या त्या चिमुकल्या भोकातून आत शिरायला झुंबड. चौकटी चाटून कोरड्या ठणठणीत झाल्या होत्या, बशी घासल्यासारखी स्वच्छ. आवाज तर असा की आईने आतून विचारलं, मिक्सर बंद करायला विसरलास का.

“आई, बाहेर ये! बघ, पेटी भरली!”

आई आली, दारात उभी राहून बघितलं. “एका रात्रीत एवढी पोरं झाली?”

“नवीन माश्या पहिल्यांदा बाहेर पडतात तेव्हा दारासमोर अशाच भिरभिरतात. घर ओळखून ठेवतात.” हे बायकोनेच त्याला कधीतरी शिकवलं होतं, आणि ते खरंही आहे.

भिंतीपलीकडे शिट्टी वाजली. लांब, कडक. काका स्टुलावर चढून बघत होते.

“अरे, मारामारी चाललीय तिकडे!”

“खेळतायत काका.”

“मला नको सांगू. खेळ कुठे संपतो आणि धक्काबुक्की कुठे सुरू होते ते बघण्यात माझं आयुष्य गेलंय. ती बघ, पायरीवर, दोघी एकमेकींना धरून लोळतायत. हा सरळसरळ फाउल आहे.”

“मिठी मारतायत.”

काकांनी पुन्हा शिट्टी फुंकली आणि मनाविरुद्ध खाली उतरले. पंचाचं कुणी ऐकत नाही, फक्त शिव्या देतं. लिफ्टवाल्याने शिव्याही दिल्या नाहीत, त्यामुळे त्यांना आणखीच वाईट वाटलं.

आता इथे लिफ्टवाल्याचा धंदा आडवा आला. वर्षानुवर्षं त्याने एकच काम केलं होतं: फोन आला की जाऊन बंद पडलेल्या लिफ्टच्या दारात अडकलेल्यांना सोडवणं. लोकांशी त्याची ओळख होई ती ते अडकल्यावरच, आणि सुटल्यावर लगेच संपे. लिफ्टच्या दाराशी गर्दी झाली, आतल्यांना बाहेर येता येईना आणि बाहेरच्यांना आत जाता येईना, की काय करायचं हे त्याच्या हातांना डोक्याच्या आधी कळायचं. दार सताड उघडायचं. समोर माश्या ताटकळत होत्या, एकमेकींच्या डोक्यावरून चढत होत्या, आणि मधे ती पट्टी.

पट्टीला हात लावायचा नाही, हे त्याला आठवलं. मग हेही आठवलं की पेटीत माश्या मोजक्या होत्या तेव्हाचं ते बोलणं. आता कुटुंब वाढलंय. कुटुंब वाढल्यावर घराचं दार वाढवायला नको? ती इथे असती तर तिनेच काढली असती.

त्याने दोन बोटांनी पट्टी ओढली. ती सुळकन निघाली. माश्या लोंढ्याने आत घुसल्या. चेंगराचेंगरी संपली, वाहतूक सुरळीत झाली, आणि आपण काहीतरी दुरुस्त केलं याचं जे समाधान माणसाला मिळतं ते त्याला मनसोक्त मिळालं.

मग त्याने बायकोला फोन लावला. कारखान्यात कवळ्या घासायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे तिला ओरडून सांगावं लागलं.

“तुझी पेटी भरली!”

“काय?”

“भरली! दारात उभं राहायला जागा नाही! बाहेर ढग झालाय माश्यांचा!”

“खरंच?” ती म्हणाली, आणि हसली. ते हसू त्याने घरात शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना. बहुधा तिच्यासमोर कुणीतरी होतं, कारण तिने यंत्र बंद करायला सांगितलं, आणि यंत्र बंद झाल्यावर तिचा आवाज एकदम कानाजवळ आला. “अरे, मला वाटलं होतं त्या काही तगत नाहीत. तुला सांगितलं नाही एवढंच.”

“तगल्या!”

“फुलं आलीत का रे तिकडे? इकडे तर काहीच नाही.”

“नाही. अजून नाहीत.”

“मग त्या आणतायत काय? पायांना पिवळे गोळे दिसतायत का बघ. परागाचे.”

तो वाकून बघू लागला. माश्यांच्या पायांना काही नव्हतं. कित्येक माश्या काळ्याभोर, तेल लावल्यासारख्या चकाकत होत्या. अंगावरची लव झिजून गेल्यासारख्या. आत जाणाऱ्या हलक्या होत्या आणि बाहेर येणाऱ्या जड. पायरीवर मेणाचा भुसा पडला होता, सुताराच्या दुकानात पडतो तसा.

“गोळे नाहीत,” तो म्हणाला. “पण खूश आहेत.”



“पट्टी आहे ना दारात?” तिने विचारलं.

लिफ्टवाला पट्टी हातात धरूनच उभा होता. त्याने ती दुसऱ्या हातात घेतली, जणू त्याने काही फरक पडणार होता.

“पट्टी आहे,” तो म्हणाला. खोटं नव्हतं.

“दारात?”

माश्यांचा आवाज फोनमधून तिला ऐकू येत असावा.

“दार बंद कर,” ती म्हणाली. “गवत कोंब, कापड कोंब, काहीही. ओली चादर टाक पेटीवर. मी निघते.”

त्याने दारात पायमोजा कोंबला, पलंगावरची चादर नळाखाली धरून पेटीवर टाकली. आई खुर्ची घेऊन बाहेर बसली होती. “पेटीला ताप आलाय का?” तिने विचारलं. चादरीबाहेर माश्या घिरट्या घालत राहिल्या, शिवणीशिवणीत डोकं खुपसत राहिल्या, आणि मग लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं की जड झालेली प्रत्येक माशी उडते ती सरळ शेजारी जाते. त्याच्या पेटीत. वाट अगदी पाठ असल्यासारखी. इथून तिथे एका हाताचं अंतर होतं.

बायको कारखान्याची गाडी घेऊन आली. गाडीच्या बाजूला हसऱ्या दातांचं भलंमोठं चित्र होतं, नुसते दात, चेहरा नाही. त्या दातांसमोरून ती उतरली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवून “कसंय आता?” म्हणाली, पर्समधून मलमाची ट्यूब काढून आईच्या हातात दिली आणि थेट मागे गेली. चहाचं तिला कुणी विचारलं नाही. चार मजली इमारतीतला तो पहिलाच मजला होता.

तिने टोपी घातली नाही. चादर काढली, झाकण उघडलं.

आत पोळी होती, पण मधाची घरं फोडून रिकामी केलेली, कडा कुरतडलेल्या, फाटक्या. तळाशी माश्या पडल्या होत्या, एकमेकींना धरलेल्या, तिच्या आणि त्याच्या. कुठली कुणाची ते कळत नव्हतं. तिने एकेक चौकट वर काढून उन्हात धरली आणि बाजूला ठेवली.

“आत होतं रे त्यांच्यापुरतं,” ती म्हणाली.

“पेटी हलकी लागली.”

“माश्या कमी होत्या, त्यांना कमीच लागतं. भोक लहान ठेवलं की दारात दोघी उभ्या राहिल्या तरी घर सांभाळता येतं. दार मोठं केलंस, उभं राहायला माणसंच नव्हती.” मग तिने वास घेतला. “मध ठेवलास दारात?”

“माझाच ठेवला.”

“तुझाच,” ती म्हणाली. “म्हणून तर तुझ्या आल्या. आपल्या घरचा वास कुणी विसरतं का? चाटत चाटत दारापर्यंत आल्या, दारातून आत. तू त्यांना माझा पत्ता दिलास.”

भिंतीवर काकांचं डोकं उगवलं. ते काहीतरी बोलणार होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनी शिट्टी शर्टात घातली आणि डोकं हळूच खाली नेलं.

शेवटच्या चौकटीवर, खालच्या कोपऱ्यात, मूठभर माश्या गोळा होऊन बसल्या होत्या. तिने त्यांच्यावर हळूच फुंकर मारली. गोळा जरा उलगडला आणि मध्ये राणी दिसली. लांबट, संथ, पंखांची टोकं झिजलेली.

“आहे!” लिफ्टवाला ओरडला. “जिवंत आहे! आता काय करायचं? काहीतरी असेल ना करण्यासारखं?”

“दोन पेट्या जोडता येतात,” ती राणीकडे बघत म्हणाली. “एकीवर एक ठेवायची, मध्ये वर्तमानपत्राचा कागद. दोन्हीकडच्या माश्या कागद कुरतडत बसतात. भोक पडेपर्यंत वास ओळखीचा होतो, मग भांडत नाहीत.”

“आणतो! कालचं आहे. आजचं पण आहे, वाचायचंय, पण आणतो!”

“राणी एकच राहते.”

“माझी मार,” तो म्हणाला. क्षणाचाही विचार न करता.

तिने आल्यापासून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. इतकं प्रेमाने की त्याच्या जिवात जीव आला, आणि चहाचं आधण ठेवायला हवं असं त्याला वाटलं.

“तुझी तरणी आहे,” ती म्हणाली. “अंडी घालतेय. ही म्हातारी झाली, हिच्या पेटीत नवं काहीच नाही.”

“मला चालेल.”

“तुला चालेल रे. तुला काहीही चालतं. त्यांना नाही चालणार.”

तिने राणीला दोन बोटांत पंखांनी उचललं आणि पाठ फिरवली. फार वेळ लागला नाही. वळली तेव्हा हातात काही नव्हतं, आणि ती रुमालाला बोटं पुसत होती, कवळी साच्यातून काढल्यावर मेण पुसत असेल तशी.

एवढ्याशा माश्यांसाठी कागद लागणार नव्हता. तिने घरातून एक बरणी मागवली, थेंबभर मध चौकटीवर सोडला आणि मूठभर माश्यांना तो पोटभर पिऊ दिला. प्यायल्यावर चौकट नेऊन लिफ्टवाल्याच्या पेटीच्या दाराशी झटकली. माश्या पायरीवर पडल्या. पहारेकरी माश्या पुढे आल्या, हुंगलं.

“मारतील?” त्याने कुजबुजत विचारलं.

“भरल्या पोटाने आलेल्याला सहसा नाही मारत.”

एकेक करून त्या आत चालत गेल्या. तिच्या मूठभर माश्या त्याच्या घरी राहायला आल्या. परत आलं ते एवढंच.

मग तिने चौकटी रिकाम्या पेटीत भरल्या. तो पेटी उचलायला पुढे झाला आणि ती म्हणाली, “राहू दे.” पेटी हलकी होती, तिला एकटीला उचलता आली. हसऱ्या दातांच्या आत तिने ती ठेवली आणि दार लावलं.

“तुझा मध आता सगळा माझ्या पेटीत आहे,” तो म्हणाला. “फुलोऱ्यात काढेन तेव्हा तो तुझा. मी आणून देईन. नुसता समोरच्या जिन्यात ठेवून जाईन, खिडकीतून घे.”

“नको.”

“तुझ्या दारापर्यंतसुद्धा येणार नाही. तुमच्या इमारतीत लिफ्ट आहे का?”

“आहे. बंद पडलीय.”

“मग मी ती—”

“नको रे,” ती म्हणाली. “मला जिन्याची सवय झालीय.”

पट्टी अजून त्याच्या हातात होती. तिने ती घेतली, त्याच्या पेटीपाशी गेली आणि दारात बसवली. तळहाताने ठोकून घट्ट केली.

“लुटीची चटक वाईट असते. दुसऱ्या कुणाला वास लागला तर तुझीही लुटतील. फुलं येईपर्यंत काढू नकोस.”

“आणि फुलं आल्यावर?”

तो थांबला. सगळं अंग कान करून. ती थोडा विचार करून म्हणाली, “आल्यावर काढ.”

मग ती आईच्या पाया पडली, आईने तिच्या केसातला मेणाचा कण काढला, आणि ते दात वळणावरून हसत हसत दिसेनासे झाले.

“कधी येणार म्हणाली?” आईने विचारलं.

“बघू म्हणाली,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टवाल्याच्या पेटीसमोर गर्दी झाली. खरीखुरी, त्याच्याच माश्यांची. आतल्यांना बाहेर यायचं होतं, बाहेरच्यांना आत, आणि जाता येत होतं ते दोघींना शेजारून. माश्या पायरीवर साचल्या, पट्टीवर चढल्या, एकमेकींच्या डोक्यावरून उतरल्या. त्यांच्यात तिच्याही असतील, दिसून येत नव्हत्या. शेजारी जिथे तिची पेटी असायची तिथे चौकोनी, पिवळट गवत होतं. काही माश्या अजून तिथे येऊन हवेत थांबत होत्या, जिथे दार होतं बरोबर तेवढ्या उंचीवर.

लिफ्टवाला स्टूल घेऊन समोर बसला. हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्याने ते दोन्ही मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर नीट वजन टाकलं. खिशात फोन वाजू लागला. तिचा नसणार होता. तिचं इथे आता काहीच नव्हतं. फोन वाजून थांबला आणि परत वाजू लागला. त्याने हात काढले नाहीत.

“अरे, उचल की!” आतून आईचा आवाज आला. “कोणीतरी अडकलं असेल!”

“माहीत आहे,” तो म्हणाला.